लेकॉक ते लोणाड : दान दिलेल्या गावांची गोष्ट



मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त लंडनला स्थायिक झाली की आई-वडिलांची तिकडे एखादी फेरी होतेच. लंडन पाहून झाले की मोटार कॉट्सवोल्डच्या टेकड्यांकडे वळते. बिबरी, कॅसल कूम, थोडे पुढे लेकॉक. मधाच्या रंगाचा दगड, उतरती छपरे, ओढ्यावरचा चिमुकला पूल. ती छायाचित्रे भिवंडी-कल्याणच्या घरांत कौतुकाने पाहिली जातात आणि एक वाक्य हमखास उच्चारले जाते, ‘आपल्याकडे असे काही नाही.’ या वाक्याची चिकित्सा व्हायला हवी.

बिबरीतील ‘आर्लिंग्टन रो’ ही घरांची रांग जगप्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकात ते मठाचे लोकरीचे कोठार होते; सतराव्या शतकात तेथे विणकरांची बिऱ्हाडे झाली. म्हणजे भिवंडीचा माणूस सात समुद्र ओलांडून ज्या दृश्यासमोर उभा राहतो, ती विणकरांची चाळ आहे! पुढे वाफेवर चालणाऱ्या गिरण्या यॉर्कशायरमध्ये उभ्या राहिल्या आणि या टेकड्यांतील कापडधंदा बसला. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा लोकांच्या हाती राहिला नाही, म्हणून जुने टिकले. यंत्रमागावर वाढलेल्या भिवंडीच्या वाट्याला ते आले नाही, याचे दुःख करण्याचे कारण नाही.

मात्र सारेच योगायोगाने टिकले असे नाही. १८९५ मध्ये तेथे ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मॅटिल्डा टॅल्बट या बाईंनी आपला वाडा म्हणजे लेकॉक ॲबी आणि जवळजवळ सारे लेकॉक गाव या संस्थेला दान दिले. छायाचित्रणकलेचे एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा तो वाडा. त्याच्या एका खिडकीचे त्यांनी १८३५ मध्ये घेतलेले निगेटिव्ह आजही उपलब्ध आहे. गावात आज भाडेकरू राहतात, शाळा भरते, पण विजेच्या तारा डोक्यावर लोंबकळत नाहीत. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. पर्यटकांच्या बसगाड्यांनी बिबरीचे रहिवासी त्रासून गेले आहेत.

आता एक वेगळे दान पाहा. नाशिक महामार्गावर सोनाळ्याजवळून आत वळले की चौधरपाडा लागतो. तेथे शिलाहार राजा केशिदेव याचा शिलालेख आहे, शके ११६१ चा. महाशिवरात्रीच्या पर्वावर राजाने ब्रह्मपुरी नावाची वस्ती सोमन नावाच्या कवीला दान दिली, असा त्याचा आशय. लेकॉकच्या दानाआधी सातशे वर्षांचे हे ग्रामदान! असे शिलालेख गधेगाळ प्रकारचे असतात. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर दान अबाधित. आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचे शिल्प कोरून दिलेली अभद्र शिवी. इंग्रजांनी जे करारपत्रात लिहिले, ते शिलाहारांनी शापात लिहिले. भाषा शिष्ट नाही, पण हेतू तोच.

चौधरपाड्याच्या शेजारी लोणाड. तेथील शिवमंदिर शिलाहारकालीन, अंबरनाथच्या शके ९८२ मधील मंदिराच्या परंपरेतले, परंतु भग्न. टेकडीत सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील बौद्ध विहार आहे. त्यातील शिल्पपटात वेस्संतर जातकाची कथा असल्याचे अभ्यासक मानतात. सर्वस्व दान करणाऱ्या राजपुत्राची ती कथा. त्याच लेण्यात ग्रामस्थ खंडेश्वरी देवीची पूजा करतात. एका गावात हजार वर्षांचा सांस्कृतिक प्रवाह असा सलग दिसावा, हे भाग्य कॉट्सवोल्डलाही विरळाच लाभले असेल.

याच तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर मात्र भक्कम उभे आहे. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसाचे ते मंदिर, किल्ल्यासारखी तटबंदी असलेले. तेथे नित्य पूजा आहे, जत्रा आहे, म्हणून वास्तूची देखभाल होते. लोणाडला ती गर्दी नाही. येथे येते ते गोदाम. मुंबईच्या मालाला जागा हवी असते, शेतीला भाव नसतो, शेतकरी जमीन देतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण लेण्याकडे पाहून त्याच्या घरची चूल पेटत नाही. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. तो वास्तूकडे पाहतो. वास्तूभोवतीची तळी, पायवाटा, टेकडीचा उतार, वाटेवर पडलेला कोरीव दगड यांचा वाली कोण? लेकॉकमध्ये सारे गावच एका मालकीत आल्याने हा प्रश्न सुटला. येथे शेकडो सातबारे आहेत. तेव्हा मार्ग ग्रामपंचायतीतूनच काढावा लागेल, आणि गावाकडे चार पाहुणे नियमाने येऊ लागले, त्यांच्या चहा-भाकरीचे चार पैसे गावात राहिले, तरच ग्रामसभेत या विषयाला वजन येईल.

म्हणून जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. पावसाळ्यात टेकडी निसरडी असते. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पाणी सोबत न्यावे. लेण्यात देवीचे स्थान आहे, पादत्राणे बाहेर काढावीत. शिलालेखावर खडू वा पावडर मुळीच फासू नये, दगडाची हानी होते. सकाळी लवकर पोहोचावे. ऊन तिरपे असते तेव्हा अक्षरांच्या खोबणीत सावली भरते आणि शके ११६१ च्या ओळी नुसत्या डोळ्यांनी उठून दिसतात.