दुकान उघडे आहे. पण परवानगीचे आहे काय?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कलाशाखेचा पदवीधर. अर्थशास्त्राशी माझा संबंध महिनाअखेरीच्या हिशेबापुरता. तरीही आज आभासी चलनाच्या विषयावर बोलायला उभा आहे, त्याचे कारण घरातलेच आहे. जानेवारी २०२४ मधील एका सकाळी माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. मुलगा अभियंता, पुण्यात चांगली नोकरी. आवाज मात्र पार उतरलेला. म्हणाला, "मामा, ॲप उघडत नाही." त्या ॲपमध्ये त्याचे दोन लाख रुपये होते. ते रुपयेही त्याचे नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेची, मुदतठेव मोडून त्याने ते एका परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये गुंतवले होते. मी त्याला विचारले, "अरे, ही पेढी भारतात कायदेशीर आहे का?" तो म्हणाला, "ॲप भारतात चालत होतं ना, मामा!"

मित्रहो, 'चालते' आणि 'कायदेशीर आहे' हे दोन वेगळे शब्द आहेत. आपली सुशिक्षित मुले या दोन शब्दांतला फरक विसरली, म्हणून हा विषय चव्हाट्यावर मांडण्याची वेळ आली.

प्रथम इतिहास पाहू. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच जनतेला आभासी चलनाच्या धोक्यांविषयी सावध केले होते. पुढे ६ एप्रिल २०१८ रोजी तिने परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. चलनावर थेट बंदी नव्हती; पण बँकेचे दार बंद झाले की पेढी चालणार कशी? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ मार्च २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्द केले. निकाल नीट समजून घ्यावा. नियमन करण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. परंतु बँकांचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवले गेले नसताना योजलेला उपाय प्रमाणाबाहेरचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. बाजारात मात्र या निकालाचा अर्थ 'सर्वोच्च न्यायालयाने क्रिप्टोला मान्यता दिली' असा पसरवला गेला. बंदी उठणे आणि मान्यता मिळणे यांत अंतर आहे, ते कुणी सांगितले नाही.

त्यानंतर आला कर. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का उद्गम करकपात सुरू झाली. यावरही लोक म्हणू लागले, "सरकार कर घेते, म्हणजे धंदा अधिकृत झाला." बंधूंनो, प्राप्तिकर खाते उत्पन्न पाहते, त्या उत्पन्नाच्या मार्गाला प्रमाणपत्र देत नाही. हा कर आकारण्याची पद्धतही पाहा. माझ्या भाच्याला एका नाण्यात ८० हजारांचा नफा झाला आणि दुसऱ्यात एक लाखाचा तोटा. एकूण हिशेबात तो २० हजारांनी खाली होता. पण या मालमत्तेत एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून ८० हजारांवर २४ हजार रुपये कर, वर उपकर वेगळा. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादे क्रिप्टो एक्स्चेंज भारतात कायदेशीरपणे उपलब्ध आहे की नाही, हे ठरते कशावरून? ७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून या पेढ्यांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पीएमएलएच्या कक्षेत आणले. त्यामुळे त्यांना फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करणे, ग्राहकाची ओळख पटवणे, व्यवहारांच्या नोंदी जपणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक झाले. यातला कळीचा मुद्दा असा, की हे बंधन कामाला आहे, कार्यालयाच्या पत्त्याला नाही. भारतातील ग्राहकाला सेवा देता ना? मग मुख्यालय कोणत्याही बेटावर असो, नोंदणी केलीच पाहिजे.

काही मोठ्या परदेशी पेढ्यांनी हे मनावर घेतले नाही. २८ डिसेंबर २०२३ रोजी बायनान्स, कुकॉइन, हुओबी, क्रॅकेन, गेट डॉट आयओ, बिट्रेक्स, बिटस्टॅम्प, एमईएक्ससी ग्लोबल आणि बिटफिनेक्स अशा नऊ पेढ्यांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या आणि त्यांची संकेतस्थळे रोखण्याविषयी माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाला कळवण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची दारे भारतात बंद होऊ लागली.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अर्धी गोष्ट सांगणे पत्रकाराला शोभत नाही. कुकॉइनने साडेचौतीस लाख रुपयांचा दंड भरून नोंदणी पत्करली. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला आणि नोंदणी करूनच ती परत आली. बायबिटला जानेवारी २०२५ मध्ये ९ कोटी २७ लाखांचा दंड झाला. जगभर पसरलेल्या या धनाढ्य पेढ्यांना आपल्या देशाच्या कायद्यापुढे मान तुकवावी लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण काम संपलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी २५ परदेशी पेढ्यांना नोटिसा गेल्या. म्हणजे काल बेकायदा असलेली पेढी आज नियमात असू शकते आणि आज सहज उघडणारे ॲप उद्या बंद होऊ शकते. म्हणून मित्राने गेल्या वर्षी दिलेल्या माहितीवर विसंबू नये. नोंदणी आहे का, ते पैसे भरण्याच्या दिवशी तपासावे.

येथे कुणी विचारील, "नोंदणी असली की पैसा सुरक्षित ना?" नाही. नोंदणी हा काळ्या पैशाविरुद्धचा पहारा आहे, आपल्या ठेवीचा विमा नव्हे. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये तसले कवच नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांचे पैसे अडकले, पुनर्रचनेचे प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात चालले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने अशा नाण्यांना 'मालमत्ता' मानून एका गुंतवणूकदाराला दिलासा दिला, ही त्यातली आशेची बाजू. तरीही या व्यवसायाचे सर्वांगीण नियमन करणारा स्वतंत्र कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. चीनने २०२१ मध्ये हे व्यवहार बेकायदा ठरवले. एल साल्वादोरने त्याच वर्षी बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा दिला आणि २०२५ मध्ये तो स्वीकारण्याची सक्ती मागे घेतली. भारत या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर आहे: व्यवहाराला बंदी नाही, कर आहे, पहारा आहे, हमी नाही.

आपल्याकडे सराफाची पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालली. हुंडी हा तर कागदाचा तुकडा; पण तिच्यामागे माणूस उभा असे, त्याचा वाडा गावात असे. दुरून डोंगर साजरे दिसतात, म्हणून घरची ठेव डोंगरावर नेऊन ठेवायची नसते.

आधुनिक तंत्रज्ञानाला नाके मुरडा, असे मी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनेच डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात आणला आहे. तंत्र परके नाही; प्रश्न जबाबदारीचा आहे. म्हणून घरातल्या तरुणांना तीन प्रश्न विचारा. या पेढीची फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे आज नोंदणी आहे का? कराचा हिशेब कोण ठेवणार? आणि ही सगळी रक्कम उद्या बुडाली, तर घरातले कोणते काम अडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जीभ अडखळली, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही चांगली असोत, पैसे भरू नयेत.

माझ्या भाच्याने चार महिने खटपट करून आपली नाणी एका नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजकडे वळवली आणि विकली. तोटा आणि कर वजा जाता हाती आले ते आईच्या खात्यात भरले. उरलेली रक्कम तो दरमहा पगारातून फेडतो आहे. माझी बहीण त्याला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "पैसे भरलेस तेव्हा पावती कुणाच्या सहीची मिळाली होती रे?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते. तिचा हा प्रश्न आपण आपापल्या घरी घेऊन जावा आणि पैसे भरण्याआधी विचारावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.