दहा शिलिंगांच्या जमिनीवर



सकाळी उद्घाटनाच्या वेळी सूत्रसंचालकांनी एक निवेदन वाचलं. हे सभागृह मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट, अनिशिनाबे, हौडेनोशौनी आणि वेंडाट लोकांच्या परंपरागत भूमीवर उभं आहे, असं. नावं वाचताना जीभ अडखळत होती, इकडे मोबाइल बंद करायची लगबग चालली होती. मग गणेशवंदना झाली. यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. टोरोंटोतल्या बहुतेक सभांमध्ये हे निवेदन याच चालीवर उरकलं जातं.

ही जमीन हातची कशी गेली, हे मात्र त्या निवेदनात येत नाही. टोरोंटोचा खरेदीव्यवहार १७८७ मध्ये ठरला, कागदपत्रं धड नव्हती म्हणून १८०५ मध्ये पुन्हा करारनामा केला, आणि त्यात किंमत लिहिली दहा शिलिंग. जमीन सुमारे अडीच लाख एकर. ते प्रकरण मिटायला २०१० साल उजाडलं. केंद्र सरकारने साडेचौदा कोटी डॉलर दिले. ज्यांची ही भूमी, ते मिसिसॉगा लोक १८४७ मध्येच क्रेडिट नदीचा काठ सोडून हॅगर्सव्हिलजवळ राहायला गेले होते. त्यांच्या नावाच्या मिसिसॉगा शहरात आज आपल्यापैकी निम्म्या मराठी लोकांची घरं आहेत.

‘कार्यस्थळी मूलनिवासींचा समावेश आणि सलोखा’ हा विषय मी निवडला, तेव्हा समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला प्रेमाने सांगितलं, ‘अहो, ती भानगड गोऱ्यांची. आपण परवा आलो. आपला काय संबंध?’ प्रश्न प्रामाणिक आहे, आणि बऱ्याच जणांच्या मनात आहे.

जून २०२१ नंतर इथलं नागरिकत्व ज्यांनी घेतलं, त्यांनी आपली शपथ आठवून पाहावी. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूलनिवासी लोकांच्या हक्कांना संविधानाने दिलेल्या मान्यतेचा, त्यांच्याशी झालेल्या करारांचा त्या शपथेत स्पष्ट उल्लेख आहे. तो आपोआप आला नाही. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यांतली शेवटची ही शपथ बदलण्याची. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत डांबलं गेलं, त्याची चौकशी या आयोगाने केली. दीड लाखाहून अधिक मुलं. शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. म्हणजे समोरच्या रांगेतले काही ज्येष्ठ तेव्हा इथे नोकरीला लागलेले होते. हा इतिहास फार जुना नाही.

आपल्यासाठी महत्त्वाची शिफारस ९२ वी. ती उद्योगांना उद्देशून आहे, आणि ती तीन गोष्टी मागते. प्रकल्प उभारण्याआधी मूलनिवासींची मोकळी आणि पुरेशा माहितीनिशी दिलेली संमती घ्या. नोकऱ्यांत, प्रशिक्षणात त्यांना समान संधी द्या. आणि व्यवस्थापकांना, कर्मचाऱ्यांना हा इतिहास शिकवा. तिसरी गोष्ट बहुतेक कंपन्या करतात, कारण ती सर्वांत स्वस्त आहे: एक ऑनलाइन मोड्यूल, शेवटी प्रश्नमंजूषा, वर प्रमाणपत्र. तीस सप्टेंबरला, निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनी, नारिंगी शर्ट घालून फोटो. फिलिस वेब्स्टॅड नावाच्या मुलीला आजीने निवासी शाळेसाठी घेतलेला नवा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी अंगावरून काढून घेतला गेला, ती या शर्टामागची गोष्ट. फोटोतल्या किती जणांना ती ठाऊक असते, हे विचारायला मी धजावत नाही.

दुसऱ्या मागणीवर मात्र थोडं थांबतो, कारण तिथे आपली माणसं खुर्चीवर बसलेली आहेत.

एका कंपनीच्या मुलाखतींना मी बाहेरचा सल्लागार म्हणून बसलो होतो. पद साइट कोऑर्डिनेटरचं. उमेदवार उत्तर ओंटारियोतल्या एका वस्तीतला, तिशीच्या आतला. ‘तुम्ही नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग सांगा,’ असा ठरीव प्रश्न आला. त्या भागातल्या अनेक गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तळी-नद्या गोठल्या की बर्फावरून रस्ता काढतात आणि वर्षभराचं डिझेल, सिमेंट, किराणा त्या काही आठवड्यांत आणून घेतात. हा मुलगा त्या रस्त्यावर काम करणारा. ड्रिलने ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी कशी मोजायची, पातळ जागी पाणी ओतून बर्फ कसा चढवायचा, किती जाडीला हलकी गाडी सोडायची आणि किती झाल्यावर टँकर, हे त्याने शांतपणे सांगितलं. सगळं ‘आम्ही’ म्हणून. डोळ्याला डोळा न भिडवता. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी दोघांनी शेऱ्यात लिहिलं: नेतृत्वगुण दिसले नाहीत, आत्मविश्वास कमी. त्या दोघांतले एक आपले पुण्याचे होते.

मी विचारलं, टँकर बर्फात गेला असता तर जबाबदार कोण? मग गुण पुन्हा दिले गेले, त्याला घेतलं. वर्ष पुरं व्हायच्या आत तो सोडून गेला. त्याला वाढवणारी मावशी वारली. गावी पोहोचायला दोन विमानं, वर हवामानाची मेहेरबानी. रजेच्या नियमात आईबाप होते, आजीआजोबा होते; मावशी नव्हती. मावशीचं नातं म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही, अशा माणसांच्या खात्यात हे घडलं. फाइलवर कारण लागलं, ‘वैयक्तिक’.

नियम बदलता येत नाहीत असं नाही. बँका, टेलिकॉम, विमान कंपन्या अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी २०१९ पासून शिकार, मासेमारी, रानातली वेचणी यांसाठी वर्षाला पाच दिवसांपर्यंत रजा हा मूलनिवासी कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. बिनपगारी का होईना, पण आहे. ओंटारियोत खासगी कंपनी स्वतःहून ती देऊ शकते. मावशीचं नाव यादीत घालायला तर पैसाही लागत नाही. कार्यालयात सेज किंवा स्वीटग्रास जाळून धूर घेण्याचा विधी करायचा म्हटला की बिल्डिंग मॅनेजर अग्निसुरक्षेचा कागद काढतात. सत्यनारायणाच्या दिवशी स्मोक अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधणाऱ्या आपल्या समाजाने तरी या अडचणीकडे जरा सहानुभूतीने पाहावं. हवा खेळती असलेली एक खोली, एवढीच मागणी असते.

आता आपल्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. नवीन आलो तेव्हा ‘कॅनडियन अनुभव आहे का?’ या प्रश्नाने आपल्या इंजिनिअरांना गोदामांत खोकी उचलायला लावली. ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये त्या अटीला भेदभाव म्हटलं. १ जानेवारी २०२६ पासून तर जाहिरातीत ती घालायलाच बंदी आली. तोवर आपण काय केलं? आपली माणसं शोधली. एक जण आत शिरला की त्याने दहा जणांचे बायोडेटा पुढे सरकवले. व्हॉट्सअॅपच्या गटावर जागा निघाल्याची खबर जाहिरातीच्या आधी येते. गावाकडे याला आपण वशिला म्हणायचो. इथे रेफरल म्हणतो आणि वर बोनस घेतो. त्यात पाप नाही, उपाशी माणसाने हात मारला. पण ज्याच्या वस्तीतलं कुणीच कधी त्या इमारतीत शिरलेलं नाही, त्याचा बायोडेटा कोण सरकवणार? एम्प्लॉयमेंट इक्विटी कायद्यात चार गट आहेत: स्त्रिया, मूलनिवासी, अपंग आणि दृश्य अल्पसंख्याक. आपण चौथ्यात. आपल्यामुळे कंपनीचा तक्ता रंगीत दिसतो, आणि दुसऱ्या गटाचा रकाना रिकामा राहिला तरी कुणाला टोचत नाही.

यात लबाडीलाही जागा आहे. केंद्र सरकारने कंत्राटांच्या मूल्यापैकी किमान पाच टक्के मूलनिवासी उद्योगांना द्यायचं ठरवलं, आणि नावापुरता भागीदार पुढे करून कामं लाटल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये संसदीय समितीपुढे आल्या. आपल्याला हा प्रकार नवा नाही. महाराष्ट्रात खऱ्या आदिवासींच्या जागा बोगस दाखल्यांवर किती जणांनी बळकावल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण नाकारल्यावर सरकारने २०१९ मध्ये अधिसंख्य पदं निर्माण करून त्यांची सोय कशी लावली, हे इथल्या अनेकांनी घरबसल्या वाचलेलं आहे.

उलट चांगलंही घडतं. फोर्ट मॅकमरीकडून आलेल्या मंडळींना माहीत असेल: सनकॉर या तेल कंपनीच्या ईस्ट टँक फार्ममधला ४९ टक्के हिस्सा फोर्ट मॅके आणि मिकिस्यू क्री या दोन फर्स्ट नेशन्सनी २०१७ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलर मोजून विकत घेतला. तेलवाळूचं काय व्हावं यावर माझं मत वेगळं आहे, ते असो. तिथे बैठकीत मूलनिवासी माणूस मालक म्हणून बसतो, आणि तो बोलताना कुणी घड्याळ पाहत नाही. याच्या शेजारी रॉबिन्सन करार ठेवा. १८५० मध्ये ह्युरॉन आणि सुपीरियर सरोवरांच्या उत्तरेची खनिजसंपन्न भूमी गेली. माणशी वार्षिक रक्कम १८७५ पासून चार डॉलर, ती पुढे वाढलीच नाही. २०२४ च्या जुलैत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर सरकारचे कान उपटले. त्याच भूमीतल्या सडबरीच्या खाणींतून ज्यांचे पगार झाले, त्यांत आपलेही इंजिनिअर आहेत.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता अनेकांना ठाऊक असेल. आदिवासींची दुःखं दुसरेच मंचावरून सांगत राहतात, असा तिचा आशय. आज या मंचावर एकही मूलनिवासी वक्ता नाही. म्हणून त्यांनी काय करावं यावर मी चकार शब्द काढलेला नाही. बोललो ते आपल्या खुर्च्यांबद्दल.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. आपल्या मंडळाच्या मार्गदर्शन योजनेतल्या दर चार जागांपैकी एक मूलनिवासी तरुणांसाठी ठेवावी, त्यांची निवड त्यांच्याच संस्थांनी करावी, आणि आपल्या व्हॉट्सअॅप गटावर आलेली प्रत्येक नोकरीची खबर त्या संस्थांनाही त्याच दिवशी कळवावी. शेवटच्या कलमाला विरोध होईल याची मला कल्पना आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो माइकवर येऊन मांडावा, चहाच्या टेबलाशी नको. मतदान हात वर करून होईल.