उभ्या मोटारीची निगा

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहरांतून बेर्था बेंझ नांवाची एक गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला आधीं न सांगतां, त्यानेंच बनविलेली तीन चाकांची मोटार हांकीत माहेरीं फोर्त्सहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या सुईनें मोकळी केली. उतारावर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां एका चर्मकाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. इंधन संपत आलें, तें औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. आणि इंजिन थंड ठेवण्यासाठीं पाणी तर मिळेल तेथें भरावें लागलें. मोटारीच्या दूरच्या प्रवासाचा आरंभ म्हणून ही हकीकत नेहमीं सांगण्यांत येते. मोटारीच्या निगेचीहि ती पहिलीच हकीकत म्हणावयास हरकत नाहीं. त्या मोटारीला कांहीं हवें असलें म्हणजे ती तें तेथल्या तेथें मागत असे.

आजची मोटार सहसा मागत नाहीं. चालकापुढच्या फलकावर तांबडे-पिवळे दिवे असतात. त्यांतला एखादा पेटला म्हणजे गराजाची वाट धरावयाची आणि न पेटला तर सर्व आलबेल समजावयाचें, असा सुशिक्षित घरांतला सर्वसाधारण रिवाज आहे. रोज चालणाऱ्या गाडीच्या बाबतींत हा रिवाज फारसा अंगाशीं येत नाहीं, कारण किलोमीटर भराभर भरत जातात आणि गाडी वरचेवर फिटरच्या हाताखालून जाते. जी गाडी थोडी चालते आणि पुष्कळ उभी राहते, तिची गोष्ट निराळी. शहरांतल्या सुखवस्तु घरांतून अशा गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांची हेळसांड होते ती मालक निष्काळजी असतो म्हणून नव्हे, तर गाडी वापरलीच नाहीं तर ती झिजेल कशी, असा त्याचा समज असतो म्हणून.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत निगेचें कोष्टक असतें. त्यांत दहा हजार किलोमीटर अथवा बारा महिने, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें, अशा धर्तीचा मजकूर असतो. आंकडे गाडीगणिक थोडेफार बदलतात. वाचणारा किलोमीटर वाचतो आणि महिने सोडून देतो. पुण्यांतल्या एखाद्या सेवानिवृत्त गृहस्थाची गाडी उदाहरणादाखल घ्यावी. सकाळीं मंडईपर्यंत, आठवड्यांतून एकदां बँकेंत, सणावारीं लेकीकडे कोथरुडास. वर्षाकांठीं अडीच हजार किलोमीटर भरले तर भरले. "अजून दहा हजार कोठें झाले?" असें ते गृहस्थ विचारतात. या हिशेबानें बोनेट उघडण्याचा योग चार वर्षांनीं यावयाचा!

दरम्यान आंत काय चालतें तें पाहण्यासारखें आहे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून सुमारें लिटरभर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. ऐकून नवल वाटेल, परंतु पेट्रोलांतला हायड्रोजन आणि हवेंतला प्राणवायु यांच्या संयोगाचा हा साधा हिशेब आहे. बहुतेक वाफ धुराबरोबर मागच्या नळींतून बाहेर जाते. थोडी मात्र पिस्टनच्या कडेनें निसटून खालच्या तेलांत उतरते. इंजिन अर्धा तास चांगलें तापलें तर हें पाणी पुन्हां उडून जातें. मंडईची फेरी दहा मिनिटांची. तेल पुरतें तापण्यापूर्वींच किल्ली फिरविली जाते, पाणी आंतच राहतें, आणि महिन्यांमागून महिने हेंच चाललें म्हणजे तेलाचा चिकट साका होतो. सायलेन्सरहि आंतून गंजूं लागतो. थोड्या चाललेल्या गाडीचें तेल वर्षानें बदलावयाचें तें याकरितां. तें 'वापरलें गेलें नाहीं' हें म्हणणें खरें नव्हे.

बॅटरीची तीच कथा. गाडी उभी असतांहि घड्याळ, दारांच्या कुलपांचें यंत्र आणि चोरघंटा तिच्यांतून थोडी थोडी वीज घेतच असतात. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. ती अर्धवट रिकाम्या स्थितींत फार दिवस राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात आणि मग ती भरूं जातां भरत नाहीं. यावर एक घरगुती तोडगा प्रचारांत आहे: आठ दिवसांनीं गाडी जागच्या जागीं पांच मिनिटें चालूं ठेवावयाची. पण तेवढ्यानें बॅटरी धड भरत नाहीं आणि तेलांतलें पाणी मात्र वाढतें. त्यापेक्षां पंधरवड्यांतून एकदां सकाळच्या मोकळ्या वेळीं गाडी खडकवासल्यापर्यंत नेऊन आणावी. अर्ध्या-पाऊण तासाच्या त्या फेरींत इंजिन, बॅटरी आणि मालक तिघांनाहि बरें वाटतें.

टायरचें रबर ऊन, उष्णता आणि हवा यांनीं कडक होतें. चाक फिरलें काय, न फिरलें काय. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी शाबूत दिसते म्हणून आठ-दहा वर्षांचा टायर निर्धास्तपणें वापरणारे कांहीं थोडे नाहींत. टायर पांच वर्षांचा झाला म्हणजे दरसाल जाणत्याकडून त्याच्या बाजूंच्या भेगा तपासून घ्याव्या, आणि दहा वर्षांपुढें तो कसाहि दिसत असला तरी ठेवूं नये. हवेचा दाब महिन्यांतून एकदां, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावा. किती दाब हवा तें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत लिहिलेलें असतें. टायरवर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा, तो येथें उपयोगाचा नाहीं. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यागणिक बाजूंना वांकतो, वांकण्यानें तापतो, आणि मे महिन्याच्या उन्हांत द्रुतगती महामार्गावर वेगांत असतां फुटतो. नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह धरणारे कांहीं जण भेटतात. साध्या हवेंतहि शेंकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

पण सर्वांत अधिक धोका ज्याच्याकडे कोणी पाहतहि नाहीं त्यांत आहे, आणि तो म्हणजे ब्रेकचा द्रव. बोनेटखालीं पांढरट भांड्यांत असतो तो. पायानें पट्टी दाबली कीं तो दाब या द्रवांतून नळ्यांवाटे चारी चाकांपर्यंत पोंचतो. शाळेंत पास्कलचा नियम म्हणून जो शिकविला जातो त्याचेंच हें उपयोजन होय. द्रव दबून लहान होत नाहीं, म्हणून पायाचा सगळा जोर चाकाला मिळतो. मात्र या द्रवाचा एक स्वभाव आहे: मिठाला पावसाळ्यांत पाणी सुटावें तसा तो हवेंतली ओल ओढून घेतो. भांडें बंद असलें तरी रबरी नळ्यांतून ओल शिरतेच, आणि गाडी उभी असली म्हणून ती थांबत नाहीं. 'डॉट ३' जातीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असें मानक आहे. त्यांत शेंकडा पावणेचारच्या आसपास पाणी शिरलें म्हणजे ती मर्यादा १४० वर उतरते. 'डॉट ४' साठीं हेच आंकडे २३० आणि १५५ आहेत.

शहरांत हा फरक कधींच कळत नाहीं. मंडईच्या रस्त्यावर ब्रेक तापतो तो किती! आतां तेच गृहस्थ दिवाळींत मुलें-नातवंडें आलीं म्हणून पांच माणसें आणि सामान घेऊन ताम्हिणी घाटानें श्रीवर्धन-हरिहरेश्वरास निघतात. उतार लांब, वळणें पुष्कळ, चालकाला घाटाची संवय नाहीं. पाय सारखा ब्रेकवर. तबकड्या तापतात, ती उष्णता द्रवाला पोंचते, द्रवांतल्या पाण्याची वाफ होते. द्रव दबत नाहीं, वाफ दबते. पट्टी मऊ लागते, मग तळाला जाते, आणि गाडी थांबत नाहीं. चार वर्षांत एकदांहि तक्रार न केलेला ब्रेक हाच. तळाशीं गाडी कशीबशी थांबली आणि तासाभरानें ब्रेक थंड झाला, कीं तो पुन्हां पूर्वींसारखा लागतो. म्हणून फिटरला कांहीं सांपडत नाहीं, आणि दोष घाटावर किंवा नशिबावर जातो.

हा द्रव बहुतेक गाड्यांतून दोन वर्षांनीं बदलावयाचा असतो, मग किलोमीटर कितीहि असोत. नवीन द्रव सीलबंद डब्यांतलाच घ्यावा. गराजांत अर्धा उरलेला डबा महिनाभर उघडा पडला असेल तर तोहि ओला झालेला समजावा. भांड्यांतली पातळी खालीं गेली तर नुसती भर घालूं नये. ब्रेकचे पॅड झिजले अथवा कोठें गळती लागली याची ती खूण असते. घाट उतरतांना गिअर खालचा ठेवावा म्हणजे इंजिनच गाडीला आंवरतें. पेट्रोल वाचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जी खोड आहे ती निव्वळ घातक होय; हल्लींच्या इंजिनांत गिअरमध्यें उतरतांना पाय उचलला कीं पेट्रोल आपोआप बंदच होतें, तेव्हां वांचत कांहीं नाहीं. इंजिन बंद केल्यास तर ब्रेकला मिळणारी मदतहि थोड्याच वेळांत संपते. पट्टी मऊ लागलीच तर ती भराभर पंप करावी, गिअर उतरवावा, हातब्रेक हळूहळू ओढावा. ज्या गाड्यांत तो तारेनें चालतो, तेथें त्याला या द्रवाची गरज नसते.

पावसाळ्यांत मात्र हातब्रेक ओढून गाडी आठ-पंधरा दिवस उभी करूं नये. ओलीनें तो आंतल्या आंत चिकटून बसतो. सपाट जागेवर पहिल्या गिअरांत ठेवून चाकाला लांकडाचा ठोकळा किंवा दगड लावावा. वायपरचें रबर मृग लागण्यापूर्वींच बदलावें. कोंकण, गोवें आणि मुंबईच्या खाऱ्या हवेंत गाडीचें तळ धुवून घेण्यास विशेष महत्त्व आहे. आणि उंदीर! पावसांत बिळें बुडालीं कीं ते बोनेटखालच्या उबेला येतात आणि तारा कुरतडतात. त्यावर आठवड्यांतून एकदां बोनेट उघडून पाहण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्यांत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहण्याचा मोह कोणालाहि होतो. तोच आंवरावयाचा असतो. सिलिंडरमध्यें पाणी असतां पिस्टन वर आला तर पाणी दबत नाहीं, पिस्टनचा दांडा वांकतो. बुडालेली गाडी ओढूनच गराजांत न्यावी.

गाडी पुसणाऱ्या माणसाला मालकानें एक गोष्ट सांगून ठेवावी. गाडीखालीं रोज पहिल्यांदां त्याचीच नजर जाते. एअर-कंडिशनचें स्वच्छ पाणी ठिबकलें तर चिंता नाहीं. काळपट तेल, कूलंटचा हिरवा वा गुलाबी डाग, किंवा चाकाच्या आंतल्या बाजूस बुळबुळीत ओल दिसली तर त्यानें घंटा वाजवून सांगावें. पुष्कळ घरांत त्याला हें विचारलेंच जात नाहीं.

पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तेल, ब्रेकचा द्रव, कूलंट आणि बॅटरी शेवटचीं केव्हां बदललीं त्या तारखा, आणि पांचहि टायरांचे ते चार-चार आंकडे लिहून ठेवावे. पांचवा म्हणजे स्टेपनी. तिच्यांत हवा आहे कीं नाहीं हें बहुतेकांस रस्त्यांतच कळतें. जॅक आणि पाना काढून चाकाचे नट एकदां घरच्या अंगणांतच सैल करून पाहावे व पुन्हां घट्ट आंवळावे. गराजांतल्या यंत्रानें ते कधीं कधीं इतके आंवळलेले असतात कीं घाटांत, अंधारांत, हातांतल्या आंखूड पान्याला ते दाद देत नाहींत.