हिमगौरीची मजुरी

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



परीकथांच्या चित्रपटांवर अर्थशास्त्राच्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली एक विसंगती दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, हात तेच. पगार थांबला म्हणून श्रम हिशेबातून नाहीसे झाले! हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात हसत सांगितले. त्या वेळी माझा डबा घरी कोण भरून देत होते, हा विचार मनाला शिवला नाही. तो शिवला पुढे कधीतरी, नातवंडांबरोबर वॉल्ट डिस्नेचा १९३७ सालचा ‘हिमगौरी आणि सात बुटके’ पाहताना.

ग्रिम बंधूंच्या कथेत बुटके हिमगौरीला रोखठोक अट घालतात: स्वयंपाक, धुणे, शिवण, झाडलोट करणार असशील तर राहा. करार विषम आहे, पण करार आहे. चित्रपटात मात्र कोणी सांगण्यापूर्वीच, घरमालक कोण हे ठाऊक नसताना, ती हरणे-खारींना हाताशी धरून ते परके घर गात गात लख्ख करते. अट गेली, तिच्या जागी स्वभाव आला. श्रमाला सद्गुण म्हटले की मोबदल्याचा प्रश्न विचारणेच अशिष्ट ठरते. बुटके खाणीतून हिरे काढतात. त्यांच्या श्रमाचे फळ मोजता येते. हिने घासलेली भांडी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा खरकटीच असतात.

१९५० ची सिंड्रेला बापाच्याच घरात मोलकरीण होते. तिची सुटका होते ती श्रमाचे मोल मिळून नव्हे, तर पायाच्या मापाने. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तील राजकन्येला तर निद्रेपलीकडे फारसे कर्तव्यच नाही. परीची जादू चालते, कारण ती दुसऱ्याच्या सुखासाठी असते. स्वतःसाठी सत्ता इच्छिणारी स्त्री मात्र दुष्टच.

ही व्यवस्था केवळ पडद्यावर नव्हती. आकृत्या शाईने सेल्युलॉइडवर उतरवून रंगविण्याचे काम त्या स्टुडिओत तरुण स्त्रिया करीत. हिमगौरीच्या गालांवरची लाली भरणारे हात त्यांचेच. अतिशय कसबाचे हे काम. पण १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओने लेखी कळविले, की चित्रपटाचे सर्जनशील काम स्त्रिया करीत नाहीत, ते तरुण पुरुषांचे. स्त्रियांसाठी शाई आणि रंग एवढेच. अपवाद होते, ‘सिंड्रेला’च्या रंगयोजनेमागे मेरी ब्लेअर यांची दृष्टी होती. पण अपवादांनी व्यवस्था बदलत नसते.

१९४१ च्या मे महिन्यात, चित्रपटातील दुष्ट राणीला चलन देणारे चित्रकार आर्ट बॅबिट यांना संघटनेच्या कार्यापायी कामावरून दूर केले गेले आणि शेकडो कर्मचारी संपावर गेले. त्यांत शाई-रंगाच्या विभागातील स्त्रियाही होत्या. अखेर संघटनेला मान्यता मिळाली. हिमगौरीने जे कधी विचारले नाही, ते तिला रंगविणाऱ्यांनी विचारले.

पुढे कथा बदलल्या. वाढपिणीचे काम करून, मिळालेली नाणी डब्यांत साठवून स्वतःचे उपाहारगृह काढू पाहणारी टियाना मला २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मध्ये भेटली. हिमगौरीपासून तिच्यापर्यंत यायला ७२ वर्षे लागली! आणि घरातले चित्र? आपल्या देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ९७, असे आढळले. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात थोडेच.

मुलांना हे चित्रपट दाखवू नका, असे मी म्हणणार नाही. त्यांतील चित्रकला खरोखर मोहक आहे. पाहून झाल्यावर मात्र मुलांना, विशेषतः मुलग्यांना, एवढेच विचारा: त्या सात जणांच्या घरी हिमगौरी येण्यापूर्वी भांडी का घासली गेली नव्हती? आणि तो प्रश्न विचारताना आपल्या स्वयंपाकघराकडेही एकदा वळून पाहा.