पानावरचा आकडा

श्रोतेहो, शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या एखाद्या नोंदवहीच्या पानावर कोपऱ्यात ठसठशीत आकडा उठलेला तुम्ही पाहिला असेल. तो टाकणारे यंत्र मुठीत मावेल एवढे. त्याला म्हणतात नंबरिंग मशीन.

त्याच्या पोटात एकाच आसावर शेजारी शेजारी धातूची चाके बसवलेली असतात. प्रत्येक चाकावर ० ते ९ असे दहा आकडे, उलटे कोरलेले. मूठ दाबली की शाई लागलेला आकडा कागदावर उमटतो, आणि दर दाबाला एक खटका एककाचे चाक एक घर पुढे ढकलतो. ९ जाऊन ० आला, की त्याच हिसक्यासरशी दशकाचे चाकही सरकते. हातचा एक! शिक्षकहो, हे मुलांना जरूर दाखवा. कळ फिरवली तर तोच आकडा दोनदा उठतो. एक पावतीला, एक स्थळप्रतीला.

आता, यात तुमचेआमचे हित काय? ४६ नंतर एकदम ४८ आले, तर ४७ कुठे गेले, हे आकडे ओळखणारा कुणीही विचारू शकतो. म्हणून नव्या वहीला आधी आकडे टाकावेत, एकूण पाने पहिल्या पानावर लिहून सही करावी, मगच नोंदी. खोटी नोंद यंत्राला ओळखता येत नाही. पण फाडलेले पान ते लपू देत नाही. तेव्हा पैसे भरलेत, की पावती घ्याच आणि तिच्यावरचा आकडा वाचूनच घरी जा.