सावत्र आईच्या पायाशी

आज मला एका कादंबरीतल्या एकाच प्रसंगाबद्दल बोलायचंय. कादंबरी हिंदीतली आहे, प्रेमचंदांची ‘निर्मला’. १९२५-२६ साली ती अलाहाबादच्या ‘चाँद’ या स्त्रियांच्या मासिकात क्रमशः छापून येत होती. म्हणजे शंभरएक वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच बायका पुढच्या अंकाची वाट बघत ही गोष्ट वाचत होत्या.

निर्मला पंधरा वर्षांची. लग्न ठरलेलं असतं, पण अचानक वडील जातात. आता हुंडा मिळायचा नाही म्हटल्यावर मुलाकडचे लग्न मोडतात. मग आई तिला चाळिशीच्या एका विधुर वकिलाला देते. त्यांचं नाव तोताराम. त्यांना पहिल्या बायकोचे तीन मुलगे असतात. थोरला मंसाराम तर जवळजवळ निर्मलाच्याच वयाचा.

गोष्टीत सावत्र आई आली की पुढे काय होणार हे आपण आधीच ठरवून टाकतो. ती पोरांना उपाशी ठेवणार, नवऱ्याचे कान भरणार. इथे तसं काही होत नाही. निर्मलाला मुलांचा लळा लागतो. मंसारामकडून ती इंग्रजी शिकायला लागते. त्या घरात मोकळेपणाने बोलावं असं तिला तेवढंच एक माणूस मिळतं.

आणि तेच वकीलसाहेबांना खुपतं. आपलं वय झालंय, बायको तरुण आहे, मुलगाही तरुण आहे. त्यांच्या मनात संशय शिरतो. तोंडाने ते काही बोलत नाहीत. मुलाच्या अभ्यासाचं निमित्त काढून त्याला वसतिगृहात पाठवायचं ठरवतात. निर्मला हे ओळखते, पण बोलणार काय? मुलाची बाजू घेतली तर संशय वाढणार. एकदा ती मंसारामला जेवायला ये म्हणून समजावत असते, तेवढ्यात नवरा येतो. ती झटकन आवाज बदलते आणि त्याच मुलाला टोचून बोलते. पोरगा अवाक होतो. आईच्या मनात काय चाललंय ते त्याला कसं कळावं?

पुढे बापाच्या मनातलं त्याला कळतं, आणि तो खचतो. वसतिगृहात तापाने अंथरूण धरतो. तरी त्याला घरी आणत नाहीत, दवाखान्यात नेतात. त्याला ताजं रक्त द्यावं लागणार हे कळताच निर्मला निघते. आपलं रक्त द्यायचं हे तिने ठरवलेलं असतं. ती दारात दिसताच नवरा कडक आवाजात विचारतो, तू इथे कशाला आलीस? तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आणि इथे तो प्रसंग येतो. ज्याला कूस बदलायची ताकद नाही तो मंसाराम उठतो आणि निर्मलाच्या पाया पडतो. रडत सांगतो, की तुम्हाला मी कधी सावत्र समजलो नाही, आईच मानत आलो, आता पुढचा जन्म तुमच्या पोटी मिळावा. बाप तिथेच उभा असतो. त्याचा संशय त्या क्षणी गळून पडतो, पण फार उशीर झालेला असतो. मुलगा वाचत नाही.

मैत्रिणींनो, मी हा प्रसंग जितक्यांदा वाचते तितक्यांदा थांबते. त्या दोघांत वैर नव्हतंच. माया होती, पण ती दाखवायची सोय नव्हती. आईला माया लपवण्यासाठी कठोर व्हावं लागलं, आणि मुलाला ‘तू माझी आई आहेस’ हे सांगायला मरण दारात यावं लागलं.

प्रेमचंदांना हे घर आतून ठाऊक होतं. लहानपणीच त्यांची आई गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं. तरीही त्यांनी सगळा दोष सावत्र आईच्या माथी मारला नाही. घर मोडलं ते हुंड्याने, जरठ लग्नाने आणि बोलून न दाखवलेल्या संशयाने.

आज आपल्या आजूबाजूला अशी घरं आहेत. कुणाची बायको गेली, कुणाचा घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं. नवी आई मुलाला रागावली की शेजारीण म्हणते, शेवटी सावत्रच ती. लाड केले की म्हणते, दाखवायला करते. मग त्या बाईने वागायचं तरी कसं? तिला आणि मुलांना एकमेकांशी बोलायला जरा निवांतपणा द्या. ‘आई’ म्हणायची सक्ती नको आणि पाळतही नको. मनात काही सलत असेल तर नवऱ्याने ते वेळेवर बोलून टाकावं.

या कादंबरीत रुक्मिणी नावाची विधवा नणंद आहे. सुरुवातीला तीच निर्मलाच्या कागाळ्या भावाला सांगत असते. पण शेवटी, मरणाच्या वेळी निर्मला आपली लहानगी लेक कुणाच्या पदरात टाकते? याच रुक्मिणीच्या. म्हणजे त्या घरातही माणसं जवळ येऊ शकत होती.

पुस्तकाची हिंदी सोपी आहे. गावातल्या वाचनालयात विचारून बघा, आणि जमलं तर घरात मोठ्याने वाचा. पुरुषमंडळींनाही ऐकू द्या.