कोरड्या सरोवरावरील वेग
महामंदीने अमेरिकेतील उद्योगधंदे डबघाईस आलेले असताना, 1932 साली हेन्री फोर्ड यांनी 65 अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. आणि पुढे याच मोटारी जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्यांना जो नवा जन्म दिला, तो 'हॉट रॉड' या नावाने विख्यात झाला. मडगार्ड उतरवावेत, छताचे खांब कापून छप्पर चार बोटे खाली आणावे, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन चढवावेत, आणि यासाठी लागणारे पुष्कळसे सामान भंगारातून शोधून आणावे, हा उद्योग म्हणजे माझ्या मते यंत्रविद्येची उत्तम पाठशाळाच होती. म्यूरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट मातीवर या मोटारींच्या वेगाची परीक्षा होई. 1937 साली स्थापन झालेल्या 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन'ने तिला रीतसर नियम आणि दप्तर दिले. पुढे ती जागा लष्कराच्या ताब्यात गेली, तरी हा छंद ओसरला नाही. 1949 साली यूटा संस्थानातील बॉनव्हिलच्या शुभ्र मिठाच्या मैदानावर पहिला 'स्पीड वीक' भरला, आणि मीठ पुरेसे कोरडे व कठीण असेल त्या वर्षी तो आजही ऑगस्टमध्ये भरतो.